पोस्टडॉकच्या अर्जांसाठी सशुल्क मार्गदर्शन : बडोद्यातील एका सेवेचे परीक्षण

कर्करोगाच्या रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर पुढची, पोस्टडॉकची म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा शोधण्यासाठी कोणाला तरी पैसे मोजावे लागतील, असे २०२० साली मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते. तेव्हा प्रबंध नुकताच मान्य झाला होता, तोंडी परीक्षा फेब्रुवारीत पार पडली होती आणि मार्गदर्शकांच्या ओळखीतल्या दोन प्रयोगशाळांनी विचारणाही केली होती. त्यानंतर टाळेबंदी आली, पुढच्या वर्षी मुलगी झाली, सासूबाईंचे आजारपण निघाले आणि बघता बघता चार वर्षे निघून गेली. २०२४च्या दिवाळीनंतर पुन्हा अर्ज करायला बसले, तेव्हा योजनांची नावे बदललेली होती, मार्गदर्शक निवृत्त झाले होते आणि माझा सीव्ही शिळा झाला होता. अशा अवस्थेत अलकापुरीतील एका करिअर मार्गदर्शन केंद्राचे ‘पोस्टडॉक पॅकेज’ मी घेतले. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका व्यक्तीचे माझ्यावर ऋण आहे, आणि उरलेल्यांशी मला भांडण उकरून काढायचे नाही.

पॅकेजची किंमत ३२,००० रुपये होती. योजना आणि प्रयोगशाळांची यादी, सीव्ही, कव्हर लेटर, संशोधन-प्रस्तावाची तपासणी आणि मुलाखतीची तालीम अशा पाच गोष्टी त्यात येत होत्या. व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही. वेळा पाळल्या जातात, फोन उचलला जातो, पावती तिथल्या तिथे मिळते आणि स्वागतकक्षातली मुलगी ‘बेन, पाणी घेणार का?’ असे आपुलकीने विचारते. भिंतीवर वेंकी रामकृष्णन यांचे मोठे छायाचित्र आहे. त्यांचे बालपण बडोद्यात गेले, १९७१ साली त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. घेतली आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा बडोद्यात ते छायाचित्र कोणीही लावावे. मात्र याच गृहस्थांनी येल विद्यापीठात पोस्टडॉक केल्यानंतर अमेरिकेतल्या सुमारे ५० विद्यापीठांकडे प्राध्यापकपदासाठी अर्ज केले होते आणि त्यांतून त्यांना नोकरी मिळाली नव्हती, हे त्या छायाचित्राखाली लिहिले असते तर समोरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या उमेदवारांना अधिक धीर आला असता.

पहिल्या बैठकीत माझ्या हाती जी यादी आली तिच्यापासूनच अडचण सुरू झाली. यादी देखणी होती, रंगीत तक्त्यात मांडलेली होती आणि तिच्यात चौदा योजना होत्या. पण ती माझ्यासाठी केलेली नव्हती, हे समजायला पाच मिनिटे पुरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची एफ३२ फेलोशिप तिच्यात दुसऱ्या क्रमांकावर होती. ही फेलोशिप अमेरिकेचे नागरिक आणि तिथे कायम वास्तव्याचा परवाना असलेले लोक यांनाच मिळते, त्यामुळे बडोद्याहून अर्ज करणाऱ्या माझ्यासारखीला तिचा काडीचा उपयोग नाही. एम्बोची, म्हणजे युरोपीय रेणवीय जीवशास्त्र संघटनेची, पोस्टडॉक्टरल फेलोशिपही होती. भारत २०१६ पासून त्या युरोपीय व्यवस्थेचा सहयोगी सदस्य असल्याने भारतीयांना ती खुली आहे हे खरे. परंतु ती पीएच.डी.नंतरच्या पहिल्या दोन वर्षांतल्या उमेदवारांसाठी आहे आणि माझ्या पदवीला साडेचार वर्षे होऊन गेली होती. याउलट जर्मनीच्या हंबोल्ट प्रतिष्ठानाची फेलोशिप ‘चार वर्षांची मुदत संपली’ असा शेरा मारून यादीतून वगळली होती. मुलांच्या संगोपनात गेलेल्या काळासाठी ते प्रतिष्ठान मुदत वाढवून देते, आणि मला मूल आहे का हा प्रश्न केंद्राच्या दोन पानी माहिती-अर्जात कुठेच नव्हता. लग्न झाले आहे का, हा मात्र होता.

सर्वांत गंभीर चूक भारतातल्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपबाबत झाली. ही दोन वर्षांची फेलोशिप पूर्वी विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘सर्ब’ म्हणत त्या मंडळाकडे होती. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ साली झाला, फेब्रुवारी २०२४मध्ये तो अमलात आला आणि सर्बचे काम त्या नव्या संस्थेत विलीन झाले. केंद्राच्या फायलीत नोव्हेंबरमध्येही सर्बचेच नाव आणि सर्बचाच पत्ता होता, पण त्याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते पुढच्या वाक्याचे. समुपदेशक म्हणाले, ‘मॅडम, तुमचं तेहेतिसावं संपत आलंय. पस्तिसाला दार बंद. म्हणजे तुमच्याकडे एकच फेरी आहे, त्यासाठी आमचं जलद पॅकेज घ्या.’ जलद पॅकेज १८,००० रुपयांनी महाग होते. या फेलोशिपची सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षे असली तरी महिलांना, तसेच अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे, आणि हे योजनेच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. मला ते ठाऊक होते म्हणून मी बचावले. ठाऊक नसलेली, घरच्यांशी आधीच भांडून तिथवर आलेली एखादी मुलगी घाबरून तेही पैसे भरून गेली असती. ही चूक अज्ञानाने झाली की सवयीने, याचा निवाडा मी करत नाही, पण तिचा फायदा कोणाला होत होता हे उघड आहे.

यादीत जे नव्हते त्याचाही उल्लेख करायला हवा, कारण या क्षेत्रातल्या बहुतेक जागा यादीत मावतच नाहीत. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पोस्टडॉकची जागा फेलोशिपमधून कमी आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाला मिळालेल्या ग्रँटमधून जास्त भरली जाते. त्या प्रमुखाला थेट पत्र लिहावे लागते, आणि पुष्कळदा जागेची जाहिरात निघण्याआधीच माणूस ठरलेला असतो. आपल्याकडे त्याला समांतर असा मार्ग म्हणजे प्रकल्पावरचा रिसर्च असोसिएट. २०२३च्या सुधारित दरांनुसार त्याच्या पहिल्या श्रेणीला महिना ५८,००० रुपये, दुसरीला ६१,००० आणि तिसरीला ६७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. प्रकल्प संपला की जागा संपते हा त्यातला तोटा आहे, पण खंड पडलेल्या माणसाला पुन्हा हातात पिपेट धरायला मिळण्यासाठी याहून सोपा दरवाजा मला दिसत नाही. खारघरचे ॲक्ट्रेक, पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, हैदराबादचे सीसीएमबी, तिरुवनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र, आणि आम्हा बडोदेकरांना सर्वांत जवळचे म्हणजे अहमदाबादचे गुजरात कर्करोग संशोधन केंद्र, यांपैकी एकाही संशोधन संस्थेचे नाव केंद्राच्या तक्त्यात नव्हते. ‘भारतातले लोक स्वतःच शोधतात,’ असे उत्तर मिळाले. डीबीटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या, रिसर्च असोसिएटशिपचा उल्लेखही मीच केला. ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालते, हे समुपदेशकांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतले. माझ्या ३२,००० रुपयांतून त्यांचे थोडे प्रशिक्षण झाले, असे म्हणायला हरकत नाही.

सीव्हीचे काम चांगले झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. माझ्या सात पानांची त्यांनी तीन पाने केली. शाळेतल्या बक्षिसांना आणि परिषदांच्या प्रमाणपत्रांना कात्री लावली, माझे दोन पेपर वर आणले आणि मला येणारी तंत्रे एका ठिकाणी गोळा केली: पेशीसंवर्धन, वेस्टर्न ब्लॉट, आरटी-पीसीआर, क्रिस्परने जनुक बंद करणे. चार वर्षांच्या खंडाबद्दल मी अर्धे पान समर्थन लिहिले होते, तिथे त्यांनी ‘२०२१ ते २०२४ : मुलीचे संगोपन आणि कुटुंबातील आजारपण’ एवढी एकच ओळ ठेवली. ती ओळ वाचून मला स्वतःलाच मोकळे वाटले. ज्या कोणी ती लिहिली तिला समर्थनाचा आणि माहितीचा फरक कळत होता.

कव्हर लेटर मात्र फेकून द्यावे लागले. ‘कर्करोग हा मानवजातीचा शत्रू असून त्याच्यावर मात करण्याची माझी लहानपणापासूनची तळमळ आहे,’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याने ते सुरू होत होते आणि चाळीस प्रयोगशाळांना नाव बदलून तेच जाणार होते. कर्करोगाच्या प्रयोगशाळेला कर्करोग वाईट असतो हे सांगणारे पत्र कोण वाचणार? मी मुखाच्या, त्यातही हिरडी आणि गालाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगावर काम केलेले आहे. तंबाखू, मावा आणि सुपारी तोंडात धरून ठेवण्याच्या सवयीमुळे हा कर्करोग आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. या कर्करोगाच्या जनुकांचा आराखडा भारतीय चमूने आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पातून २०१३ साली प्रसिद्ध केला, आणि टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ यांसारख्या जनुकांतली उत्परिवर्तने त्यात वारंवार आढळली. ज्या प्रयोगशाळेला पत्र लिहायचे ती यांपैकी कोणत्या धाग्यावर काम करते, तिच्या अलीकडच्या पेपरमध्ये कोणता प्रश्न अर्धवट राहिला आणि माझ्या हातातले कोणते तंत्र तिथे उपयोगी पडेल, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात आल्या नाहीत तर पत्र वाचले जात नाही. अशा एका पत्रासाठी मला चार-पाच दिवस लागले. हंसा मेहता ग्रंथालयात बसून मी नऊच पत्रे लिहिली. त्यांतील चारांना उत्तरे आली. केंद्राने त्यांच्या मसुद्यातून परस्पर पाठवलेल्या अकरा पत्रांपैकी एकालाही आजवर उत्तर आलेले नाही. परस्पर पाठवण्याची परवानगी मी त्यांना दिली नव्हती, ही तक्रार वेगळी. कारण त्या अकरांपैकी दोन प्रयोगशाळांना मला स्वतःला लिहायचे होते आणि आता तिथे दुसऱ्यांदा तोंड दाखवायला संकोच वाटतो.

प्रस्तावाच्या तपासणीबद्दल थोडक्यात एवढेच की इंग्रजीची तपासणी झाली, विज्ञानाची झाली नाही. मी अनेक औषधांतून उपयोगी औषध चाळून काढण्यावर आधारलेला एक मसुदा केला होता आणि तो ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामला पाठवावा असा सल्ला मिळाला. तो कार्यक्रम मूलभूत जीवशास्त्रातल्या धाडसी प्रश्नांना पैसे देतो, उपयोजित कामाला नाही, हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हते. स्वल्पविराम मात्र सगळे जागेवर बसवून मिळाले.

एवढे सगळे झाल्यावर पाचव्या भागासाठी, म्हणजे मुलाखतीच्या तालमीसाठी, जावे की नाही अशा विचारात मी होते. पैसे भरलेलेच आहेत म्हणून गेले. तिथे भेटलेले निवृत्त प्राध्यापक हेच या परीक्षणाचे खरे कारण आहे. सर दांडिया बाजारातले, आयुष्यभर जीवाणूंच्या आनुवंशिकतेवर काम केलेले, आणि कर्करोगाचे तज्ज्ञ नाहीत हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. माझा नवा प्रस्ताव असा होता की सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध दिल्यावर मुखकर्करोगाच्या बहुतेक पेशी मरतात, पण मूठभर पेशी औषधाला दाद देत नाहीत आणि त्यांच्यापासूनच गाठ पुन्हा वाढते. या उरलेल्या पेशींत कोणती जनुके चालू होतात ते शोधायचे. मी बारा स्लाइड्स दाखवल्या. सर पूर्णवेळ गप्प होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्या पेशी आधीपासूनच निबर होत्या, की औषधाने त्यांना निबर केलं?’

मला उत्तर देता आले नाही. माझ्या प्रस्तावात दोन्ही शक्यता एकमेकींत मिसळलेल्या होत्या, आणि हे पीएच.डी.च्या समितीपासून केंद्राच्या तपासनीसापर्यंत कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मग सरांनी कागद ओढला आणि लुरिया व डेल्ब्रुक यांचा १९४३चा प्रयोग समजावून सांगितला. जीवाणूंची अनेक छोटी संवर्धने वेगवेगळी वाढवायची आणि मग त्यांच्यावर विषाणू सोडायचा. विषाणूच्या स्पर्शाने प्रतिकार निर्माण होत असेल, तर प्रत्येक संवर्धनात वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी येईल. प्रतिकार आधीच कुठेतरी योगायोगाने उद्भवलेला असेल, तर बहुतेक संवर्धनांत जवळजवळ कोणीच वाचणार नाही आणि एखाद्यात भरमसाट वाचतील. प्रत्यक्षात दुसरा प्रकार दिसला. ‘आता तुमच्या पेशींना हेच कसं विचारणार ते तुम्ही सांगा,’ असे म्हणून त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली.

उत्तर माझ्याच क्षेत्रात होते, फक्त मी ते या प्रश्नाशी जोडलेले नव्हते. औषध देण्याआधी प्रत्येक पेशीच्या डीएनएत एक वेगळी छोटी खूण, म्हणजे बारकोड, घालून ठेवायची. त्या पेशींना थोडे वाढू द्यायचे, सारख्या वाटणीने चार-पाच फ्लास्कमध्ये टाकायचे आणि सगळ्यांना एकच मात्रा द्यायची. प्रत्येक फ्लास्कमध्ये त्याच त्या खुणांच्या पेशी वाचल्या तर निबरपणा आधीचा. प्रत्येक ठिकाणी वेगळ्याच खुणा उरल्या तर तो औषधानंतरचा. दुसऱ्या शनिवारी मी हा आराखडा घेऊन गेले तेव्हा सरांनी दीड तास त्याची चिरफाड केली. वाटणी करताना खुणा हरवल्या तर काय, पेशी फार कमी उरल्या तर आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा, नियंत्रण म्हणून बिनऔषधी फ्लास्क ठेवला आहे का, हे सगळे प्रश्न त्यांनी विचारले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मुलाखतीचे प्रश्न घेतले, ‘आमच्याच प्रयोगशाळेत का?’ हा प्रश्न पाच वेळा पाच प्रकारे विचारला आणि खंडाबद्दल विचारल्यावर मी क्षमा मागितल्यासारखी बोलते, हे मला दाखवून दिले.

जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून दोन ठिकाणी माझ्या ऑनलाइन मुलाखती झाल्या. पहिल्या ठिकाणी सरांचाच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत आला. दुसऱ्या ठिकाणच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी माझ्या मेंटॉर होण्याची लेखी संमती दिली आहे. या फेलोशिपमध्ये मेंटॉर आणि यजमान संस्था उमेदवारानेच आधी ठरवायची असते, त्यामुळे ती संमती म्हणजे अर्धा डोंगर चढून झाल्यासारखे आहे.

पैशांचा हिशेब असा. पाचपैकी सीव्ही आणि तालीम हे दोन भाग मला उपयोगी पडले. यादी, कव्हर लेटर आणि प्रस्तावाची तपासणी हे तीन भाग निरुपयोगी ठरले, आणि यादी तर घातक ठरू शकली असती. परस्पर पाठवलेल्या पत्रांबद्दल आणि वयोमर्यादेच्या चुकीबद्दल मी लेखी तक्रार दिली. आठ दिवसांनी केंद्रचालकांनी बोलावून घेतले, चूक मान्य केली आणि ६,००० रुपये परत दिले. जलद पॅकेजच्या माहितीपत्रकात महिलांच्या सवलतीची ओळ घालू असेही ते म्हणाले. मार्च महिन्यात स्वागतकक्षात ठेवलेल्या माहितीपत्रकात ती ओळ मी पाहिली, त्यामुळे हा शब्द त्यांनी पाळला असे मान्य करते.

ज्यांची पीएच.डी. आत्ताच झाली आहे, मार्गदर्शक हाताशी आहेत आणि प्रयोगशाळेत रोजचे येणेजाणे आहे, त्यांनी या पॅकेजवर एक रुपयाही खर्च करू नये. योजनांची मूळ माहितीपत्रके वाचायला दोन संध्याकाळ पुरतात. माझ्यासारखा खंड पडलेल्यांनी फक्त तालीम घ्यावी. ती एका बैठकीला २,५०० रुपये अशी स्वतंत्रपणे मिळते, पण दरपत्रकात ती छापलेली नाही आणि समुपदेशक आपणहून सांगत नाहीत, तेव्हा स्वागतकक्षात ‘शनिवारच्या सरांची वेळ हवी आहे’ असे स्पष्ट म्हणावे. सर शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळेतच येतात आणि दोनपेक्षा जास्त लोकांना भेटत नाहीत. स्लाइड्स कागदावर छापून न्याव्यात. सर पडद्याकडे बघत नाहीत. ते कागदावर पेन्सिलने खुणा करतात आणि निघताना तो कागद आपल्याला परत देतात.